मदत हवी आहे : सहकाऱ्याच्या चुकांची जाहीर चेष्टा कशी थांबवावी?
आमचे विभागप्रमुख कामात अत्यंत चोख आहेत. परंतु एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याच्या हातून चूक झाली, की तक्त्यातील त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढून ते त्याचा स्क्रीनशॉट सर्वांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि खाली हसऱ्या इमोजींची रांग लागते. (हसणाऱ्यांत वरिष्ठही असतात, हे विशेष.) चूक दाखवण्यास कोणाचीच हरकत नाही, ती चारचौघांत दाखवू नये एवढेच म्हणणे आहे. परिणामी नवीन मंडळी चुका कळवण्याऐवजी लपवू लागली आहेत. याविषयी प्रमुखांशी प्रथम एकांतात बोलावे, की तारखांसह नोंदी ठेवून मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार करावी? शिवाय, संबंधित सहकाऱ्याची संमती न घेता त्याच्या वतीने बोलणे कितपत योग्य ठरेल? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.