हलक्या क्रँकसेटने सिंहगड खरंच दोन मिनिटं लवकर होतो का?

घाटवेडा
परवाची ती पोस्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. शिमानोचा टियाग्रा क्रँकसेट (पॅडलचे दोन दांडे आणि पुढची दातेरी चक्रं) काढा, त्यांचाच वरचा, हलका अल्टेग्रा टाका, सिंहगड दोन मिनिटं लवकर होतो, आणि बसवायला काय, पाच नंबरची ॲलन की असली की अर्ध्या तासात घरच्या घरी. हे वाचून दोन नवीन पोरांनी मला विचारलं की पैसे घालू का. अरे हिशोब तरी करा. टियाग्रा ४७०० साधारण ९०० ग्रॅम, अल्टेग्रा आर८००० ६८० च्या आसपास, वाचले २२०. मी, सायकल, पाणी, पंप सगळं मिळून ८० किलो. म्हणजे पाव टक्क्याच्या जरा वर. पायथ्यापासून मला ५० मिनिटं लागतात, त्यातले वाचणार आठ सेकंद. अर्धी बाटली पाणी ओतून दिलं तरी तेवढेच वाचतात.

कार्बनकट्टा
ती पोस्ट माझीच आहे. माझे दोन मिनिटं खरंच कमी झाले, घड्याळ खोटं बोलत नाही. आणि हे फिरणारं वजन आहे, ते सायकलच्या बाकी वजनासारखं धरायचं नसतं. शिवाय उभं राहून पॅडल मारताना आधी खाली काहीतरी वाकतंय असं वाटायचं ते गेलं.

घाटवेडा
फिरणारं वजन म्हणजे रिम आणि टायर. क्रँक मिनिटाला ८० फेऱ्या मारतो, घाटात त्याहूनही कमी, आणि त्याचं बरंचसं वजन मध्याजवळ असतं. तिथे तो मुद्दा लागूच होत नाही. दोन मिनिटं कमी झाले असतील, पण क्रँकसोबत कॅसेट (मागची दातेरी चक्रं), चेन, टायर यातलं काय काय बदललंस ते पण लिही.

कार्बनकट्टा
कॅसेट ११-२८ ची ११-३४ केली, म्हणजे मागचं सर्वात मोठं चक्र २८ ऐवजी ३४ दात्यांचं. टायर पण नवीन. पण म्हणून क्रँकचं काहीच श्रेय नाही असं कसं?

घाटवेडा
पुढे ३४ दात्यांचं चेनरिंग आणि मागे ३४, म्हणजे एकास एक, पॅडलची एक फेरी तर चाकाची एक. शेवटच्या चढावर तू आधी धापा टाकत ढकलत होतास तिथे आता फिरवतोयस. श्रेय तिथे आहे.

प्राची_ब्रेवे
वजनाचं तुम्ही बघून घ्या, मला त्या "अर्ध्या तासात घरच्या घरी" वर बोलायचंय. माझा नवीन क्रँक तर घरी नाही, एका दुकानात बसवून घेतला होता. तरी पुढच्याच ३०० किलोमीटरच्या ब्रेवेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) खंबाटकी घाट चढताना डावा आर्म, म्हणजे पॅडलचा दांडा, मधल्या शाफ्टवरून सुटला आणि क्लीटमुळे (बूट पॅडलला अडकवणारी पकड) बुटालाच लटकत राहिला. पडले नाही हे नशीब. मागून ट्रक येत होते. नंतर कळलं की आर्मचे दोन बोल्ट एकेका दमात आवळले होते आणि मधली ती छोटी प्लॅस्टिकची पट्टी, जिची पिन शाफ्टच्या भोकात बसते, ती खाली दाबलीच नव्हती. आर्मच्या आतले दाते खाल्ले गेले, नवीन आर्म घ्यावा लागला. २० तासांची वेळ होती, मी नवव्या तासाला टेम्पोत बसून परत आले.

पेठेतला_सायकलवाला
ताई तुम्हाला त्रास झाला ते वाईटच, पण एका दुकानावरून सगळ्यांना बोलू नका. माझ्या वडिलांनी ४० वर्षं जुने कॉटर पिनचे (पाचर ठोकून घट्ट होणारे) क्रँक हातोडीने बसवले, एकाही गिऱ्हाईकाचा रस्त्यात निखळला नाही. हाताला कळतं किती आवळायचं.

प्राची_ब्रेवे
दादा मी सगळ्यांना बोललेच नाहीये. पण कॉटर पिनचा लोखंडी क्रँक आणि हा ॲल्युमिनियमचा पोकळ क्रँक एका हाताने कसा कळेल? त्यावर आवळायच्या जोराचा आकडा छापलेला असतो, १२ ते १४ न्यूटन मीटर. शाफ्टच्या टोकाची टोपी हलक्या हाताने लावायची, ती फक्त बेअरिंगवरचा दाब ठरवते, मग दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे.

पेठेतला_सायकलवाला
आणि तोच आकडा वाचून घरी बसवणारे बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्या बेअरिंगवर फिरतो ते) आटे घालवून आमच्याकडे येतात त्याचं काय? उजव्या कपचे आटे उलटे असतात हे माहीत नसतं, दीड फुटी पान्हा लावून चुकीच्या दिशेला जोर, फ्रेम गेली. मग म्हणतात भाऊ काहीतरी करा. आम्हाला शिकवू नका.

कार्बनकट्टा
मी तसा एकही आटा घालवलेला नाही.

पेठेतला_सायकलवाला
टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पान्हा) आहे का तुझ्याकडे?

कार्बनकट्टा
नाही. मित्राचा आणतो.

निळी_बियांची
मध्येच बोलते. माझी उंची पाच फूट एक इंच, सायकल १७० मिमी लांबीचा क्रँक लावून आली आणि दोन वर्षं गुडघा दुखला. शिमानोच्याच १०५ मालिकेचा १६० मिमीचा टाकला, सीट एक सेंटिमीटर वर घेतली, दुखणं गेलं. वजनाकडे बघितलंही नाही. दहा मिलीमीटरवर कुणी बोलत का नाही? टूर द फ्रान्स जिंकलेला पोगाचारसारखा माणूस १६५ वर आला तेव्हा कुठे लोकांना लांबी आठवली.

घाटवेडा
हे पटलं. लांबीसाठी क्रँक बदला, मी काही म्हणणार नाही. आणि सेकंडहँड अल्टेग्रा किंवा त्याच्याही वरचा ड्युरा-एस स्वस्त मिळतोय म्हणून उचलणाऱ्यांनो, ११ स्पीडचे (मागे ११ चक्रांसाठीचे), जुलै २०१९ आधी बनलेले, भाग चिकटवून जोडलेले क्रँक शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये तपासणीला बोलावलेत, नुसत्या अमेरिका-कॅनडात साडेसात लाखांच्या वर. थर सुटून तुटत होते. आर्मच्या मागचा दोन अक्षरी कोड बघा. १०५ त्यात नाही.

कार्बनकट्टा
माझा सेकंडहँडच आहे. कोड आत्ता बघितला, यादीतला आहे. बरं, दोन मिनिटं कॅसेटची धरा. पण ते वाकल्यासारखं वाटणं गेलं ते खरं आहे, त्यावरून मी हटणार नाही.

पेठेतला_सायकलवाला
जुना बीबी ढिला असेल तरी तसंच वाटतं. तपासून होईपर्यंत चालवू नकोस. टियाग्राचा क्रँक फेकला नसशील तर रविवारी सकाळी घेऊन ये, परत चढवू. आणि ताई, रेंच घेतलाय मी मागच्या वर्षी. वडिलांना सांगितलं नाहीये अजून.