कॅन्टीनच्या भिंतीवरचं गाजर

रामबागेतली आई: काल इथे, आपल्या इंदूरकरांच्या ग्रुपवर, एका ताईंनी पोराच्या शाळेच्या कॅन्टीनमधल्या रंगीत पाट्यांचे फोटो टाकले. वर लिहिलं, "किती गोड! खाता खाता ज्ञान!" तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहिते. 'गाजर खा, अंधारात बघा' ही पाटी आमच्याही शाळेत आहे. आमचे आठ वर्षांचे चिरंजीव आठवडाभर दिवा मालवून पांघरुणात गोष्टीचं पुस्तक वाचत होते. रागावले तर म्हणे, "अगं, डब्यातली दोन्ही गाजरं संपवली ना!" आता बोला. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, कबूल. पण ते पुरेसं असताना वर किलोभर गाजरं रिचवली म्हणून मांजराचे डोळे येत नाहीत. ही कथा पसरली दुसऱ्या महायुद्धात. रात्री शत्रूची विमानं पाडणाऱ्या वैमानिकांचं श्रेय ब्रिटिशांनी गाजरांना देऊन टाकलं, विमानातल्या रडारबद्दल अवाक्षर नाही. तो प्रचार इंदुरात अजून चालू आहे! आणि त्याच पाटीखाली विकतात काय, तर तळलेलं पॅटिस.

तुकोगंजकर: ताई, पाटी आहे ती, प्रबंध नव्हे. माझी लेक 'पालकात लोह' वाचून पालक खायला लागली. तुमचं सत्य घेऊन मी काय करू?

रामबागेतली आई: लोह आहे हो, पण त्यातलं अंगी लागतं थोडंच. लिंबू पिळलं तर जास्त लागतं, वर चहा ढोसला तर आणखी कमी. 'पोह्यांवर लिंबू का पिळायचं' हे लिहा की! अख्खं गाव रोज सकाळी पोहे खातं.

जिरावन जिंदाबाद: मजेशीरच हवं तर हे घ्या. चतुर्थीची खिचडी: साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, बटाटा, दाणे, मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आले नसते तर उपासाला काय खाल्लं असतं?

माहेर पुणे: राजगिरा आणि रताळी खाल्ली असती! आमच्या आजीची एकादशी काय परदेशी होती?

जिरावन जिंदाबाद: राजगिरा तिकडचाच. रताळंही.

माहेर पुणे: वऱ्याचे तांदूळ तरी राहू देणार का?

जिरावन जिंदाबाद: ते आपले. घ्या, खा.

माहेर पुणे: उपकार झाले. तसंही इथल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, मिळते तिला खिचडी म्हणणाऱ्यांनी मला उपास शिकवू नये. वाफेवरचा साबुदाणा, त्यावर मसाला, त्यावर फराळी मिक्श्चर! साजूक तूप-जिऱ्याची फोडणी कुठे आहे?

जिरावन जिंदाबाद: भिया, आता मात्र हद्द झाली. बारा वर्षं इंदूरचं पाणी पिऊन हे बोलता?

तुकोगंजकर: सराफ्यावर बोलायचं काम नाही. माझे वडील रात्री दुकान बंद करून मला तिथे न्यायचे. ती खिचडी खाऊन मोठा झालोय, तुपाच्या फोडणीवाचून काही अडलं नाही.

माहेर पुणे: ते दिसतंच आहे.

निवृत्त बाई: चाळीस प्रतिसाद, त्यातले पस्तीस खिचडीवर. मी सरकारी शाळेत शिकवलं. मुलांना शिजवलेलं अन्न द्या, हे २००१ साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. तोवर आमच्याकडची पोरं घरी धान्य न्यायची. खिचडी शिजायला लागली त्या दिवसापासून मागच्या बाकावरचे दोघे रोज यायला लागले. भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं. आणि पॅटिसबद्दल: फार तेल, साखर, मीठ असलेलं शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरांत विकायचं नाही, असा नियम २०२०चा आहे. पाटी सोडा, तो दाखवा.

रामबागेतली आई: बाई, पालकसभेत विचारलं होतं. "पॅटिस बेक केलेलं आहे" म्हणाले. कढई माझ्यासमोर उकळत होती.

तुकोगंजकर: आत्ताच लेकीला विचारलं, पालक कशामुळे खातेस? म्हणाली, "आई वर शेव टाकते म्हणून." ठीक आहे ताई, झालं समाधान? पण ते गाजर उतरवायला मी शिडी धरणार नाही.