कुर्रम जिल्हा: एकाच रस्त्यावर का अडकतो?

नकाशावेडा:
पाकिस्तानातल्या खैबर पख्तूनख्वा प्रांताच्या कुर्रम जिल्ह्याबद्दल विचारायचं आहे. बातम्यांत 'शिया-सुन्नी संघर्ष' एवढंच येतं आणि गावांची नावं डोक्यावरून जातात. मुलूख नेमका कसा आहे? पश्तून बहुतांश सुन्नी, मग इथे शिया पश्तून एवढे कसे? आणि रस्ता बंद झाला की अख्खं पाराचिनार महिनोन्महिने अडकून पडतं, दुसरी वाट नाही का?

खिंडवाला:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर भूगोलातच आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

नकाशात पाकिस्तानचा एक तुकडा अफगाणिस्तानात चोचीसारखा घुसलेला दिसतो, तो कुर्रम. इंग्रजीत त्याला 'पॅरट्स बीक' म्हणजे पोपटाची चोचच म्हणत. उत्तरेला स्पीन गरची रांग (स्पीन म्हणजे पांढरा, गर म्हणजे डोंगर, फारसीत सफेद कोह). तिचं सर्वोच्च शिखर सिकाराम सुमारे ४,७५० मीटर. रांगेपलीकडे नंगरहार, पश्चिमेला पक्तिया, दक्षिणेला खोस्त. म्हणजे तीन बाजूंना परका देश. चोचीच्या टोकापासून काबूल सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, पेशावरला मात्र कोहाटवरून मोठा वळसा.

कुर्रम नदी अफगाणिस्तानातून येते, खोऱ्यातून आग्नेयेला वाहत थलजवळून बाहेर पडते आणि पुढे बन्नूवरून सिंधूला मिळते. वरचं खोरं रुंद आहे. पाराचिनार तिथेच, सुमारे १,७०० मीटरवर. स्पीन गरच्या बर्फाचं पाणी शलोजान, जेरान, किरमान या गावांच्या ओढ्यांतून शेतात येतं. त्यावर भात, गहू, मका, अक्रोड, सफरचंद पिकतात. खाली खोरं अरुंद होतं आणि जिल्ह्याबाहेर पडणारा थल-पाराचिनार रस्ता त्याच अरुंद पट्ट्यातून जातो.

आता या रस्त्यावर माणसं ठेवून पाहा. वरच्या कुर्रममध्ये मुख्यतः तूरी ही पश्तून जमात, आणि तूरी शिया. खालच्या कुर्रममध्ये बंगश ही दुसरी पश्तून जमात जास्त. त्यांच्यात शियाही आहेत आणि सुन्नीही. सद्दा हे तिथलं सुन्नी वस्तीचं मोठं गाव, बगन हाही रस्त्यावरचा सुन्नी बाजार. पाराचिनारच्या माणसाला पेशावरच्या इस्पितळात जायचं तर सद्दा-बगन ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. उलट वरच्या कुर्रममध्ये बोशेरा, तरी मंगल अशी सुन्नी गावं तूरी वस्तीने वेढलेली आहेत. दोघांचीही नाडी एकमेकांच्या हातात. बातम्यांत पहिली बाजू दिसते, दुसरी गाळली जाते, आणि मग कोंडी एकतर्फी वाटते. ती तशी नाही.

२००७ ते २०११ रस्ता बंद होता, तेव्हा लोक पाराचिनारहून पक्तियात उतरत, काबूल गाठत आणि तोरखमच्या सरहद्द नाक्यावरून पेशावरला येत. दुसरी वाट होती ती ही. पुढे सरहद्दीवर कुंपण पडलं. त्यामुळे २१ नोव्हेंबर २०२४ रोजी खालच्या कुर्रममध्ये संरक्षणात चाललेल्या वाहनांच्या ताफ्यावर हल्ला होऊन चाळीसहून अधिक माणसं मारली गेली, दुसऱ्याच दिवशी बगनचा बाजार जाळला गेला आणि रस्ता पुन्हा बंद पडला, तेव्हा औषधं हेलिकॉप्टरने न्यावी लागली.

जुनी_कागदपत्रं:
वरच्यात इतिहासाची भर.

तूरी लोकांनी अठराव्या शतकाच्या सुमारास बंगशांकडून वरचं खोरं घेतलं. पुढे काबूलच्या अमिरांचा अंमल आला. दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात इंग्रज सेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्स याच खोऱ्यातून चढला. पैवार कोतल (कोतल म्हणजे खिंड) अफगाण तोफांनी धरून ठेवली होती. समोरून चढाई परवडणारी नव्हती, म्हणून रॉबर्ट्सने समोर थोडी फौज दाखवायला ठेवली आणि १ डिसेंबर १८७८च्या रात्री मुख्य तुकडी स्पिनगावी कोतलच्या बाजूने वळवली. वाटेत २९व्या पंजाब पलटणीतल्या पठाण शिपायांनी बंदुकीचे बार काढले. पुढच्या अफगाणांना सावध करायचा तो प्रयत्न होता. तरीही पहाटे मोर्चे पडले. पैवार पडल्यावर शुतुरगर्दन खिंडीतून लोगर आणि काबूल गाठता येतं. या खोऱ्याचं लष्करी मोल ते एवढ्यासाठी.

मे १८७९च्या गंदमक तहाने कुर्रम इंग्रजांकडे आलं, १८८०त फौज परत गेली, आणि सुन्नी शेजाऱ्यांच्या दबावाखालच्या तूरींनी बोलावल्यावर १८९२त ती कायमची आली. त्याच वर्षी तूरींची मिलिशिया उभी राहिली, पुढची कुर्रम मिलिशिया. ड्युरँड रेषेचा, म्हणजे अफगाण सरहद्द ठरवणारा करार त्यानंतरचा, १२ नोव्हेंबर १८९३चा. चोच सरहद्दीच्या अलीकडे राहिली, कारण रेषा आखायच्या आधीच इंग्रज आत बसले होते.

१९१९च्या मे महिन्यात अफगाण सेनापती नादिर खानाने थलला वेढा दिला. तो उठवायला जालंधरहून धावलेला अधिकारी म्हणजे जालियनवाला बागेतला डायरच, त्या हत्याकांडानंतर जेमतेम दीड महिन्याने. नादिर खान पुढे १९२९त अफगाणिस्तानचा राजा झाला.

१९८०च्या दशकाकडेही नीट पाहायला हवं. सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांना सरहद्दीपलीकडच्या जाजी भागाकडे शस्त्रं पुरवायचा मोठा मार्ग पाराचिनारवरून होता. हत्यारं, निर्वासित आणि परके लढवय्ये एकदम खोऱ्यात आले. जुनी भांडणं कुर्रममध्ये होतीच, पण १९८७च्या शिया-सुन्नी कत्तलीनंतर त्यांचं स्वरूप बदललं.

नकाशावेडा:
फार उपयोगी. पण २०१८त कुर्रमसह सरहद्दीवरचे टोळीभाग प्रांतात विलीन झाले ना? कोर्टं आली, पोलीस आले. तरी जिरगाच, म्हणजे जमातीच्या वडीलधाऱ्यांची पंचायतच का बसवतात?

शामिलात:
विलीनीकरण २५व्या घटनादुरुस्तीने झालं आणि १९०१चा सरहद्द गुन्हे कायदा गेला. पण भांडण बहुधा जमिनीचं किंवा पाण्याचं असतं, आणि तिथे कोर्टाला कागद लागतो. वरच्या आणि खालच्या कुर्रममध्ये इंग्रजांनी जमिनीची मोजणी-नोंद केली होती. मध्य कुर्रममध्ये (मसोझई, अलीशेरझई, चमकनी यांचा डोंगराळ मुलूख) ती नाही. नोंद आहे तिथेही डोंगरउतारावरची सामाईक जमीन, म्हणजे शामिलात, कोणत्या गावाची यावर वाद आहेत. जुलै २०२४ची लढाई बोशेरा आणि मलिखेल यांच्यातल्या जमिनीवरून पेटली. २०१०त शलोजान तंगी आणि खैवास पाण्यावरून लढले. पंथ नंतर येतो, पण आला की शेताचा वाद दोन दिवसांत पन्नास किलोमीटर पसरतो.

जिरगेचे टप्पे लक्षात ठेवा, बातमी वाचताना कामाला येतात. आधी 'तीगा', शब्दशः दगड: ठरावीक मुदतीचा युद्धविराम. मग दोन्ही पक्ष रोख किंवा हत्यारं तारण ठेवतात. मग 'वाक', म्हणजे निवाड्याचा अधिकार जिरगेच्या हाती देणं. त्यानंतर निवाडा, मोडणाऱ्याला दंड, त्याला 'नाघा' म्हणतात. बहुतेकदा गाडं पहिल्या टप्प्यावरच थांबतं. तीगा झाला की 'शांतता करार' असा मथळा येतो. जमीन कोणाची हे मात्र तसंच राहतं, आणि मुदत संपली की पुन्हा गोळीबार. १ जानेवारी २०२५च्या कोहाट करारात बंकर पाडायचं आणि जड हत्यारं जमा करायचं ठरलं, पण तीनच दिवसांत बगनजवळ उपायुक्तांच्या ताफ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

खिंडवाला:
शोध घेताना तीन नावांवर ठेच लागते. 'थल' टाकलंत तर पंजाबातलं थल वाळवंट समोर येतं. आपलं थल हांगू जिल्ह्यात आहे. 'अलीझई' हे खालच्या कुर्रममधलं गावही आहे, तूरींची एक शाखाही आहे, आणि हेलमंदकडची वेगळी दुर्रानी जमातही. आणि 'बंगश' वाचून पंथ ठरवू नका, गाव बघा. बातमीत गाव नसेल तर निदान वरचं, खालचं की मध्य कुर्रम एवढं तरी शोधा.

जुनी_कागदपत्रं:
चौथं नाव आपल्या ओळखीचं आहे. ऋग्वेदाच्या नदीसूक्तात (१०.७५) कुभा, गोमती आणि क्रुमू एकाच ओळीत येतात. कुभा म्हणजे काबूल नदी, गोमती म्हणजे गोमल, आणि क्रुमू म्हणजे हीच कुर्रम.