रि: रि: गेमस्कॉम, शनिवार २३ ऑगस्ट २०२५: पट्टीचं काय करायचं?

युवा समिती, सोमवार रात्री

मंडळी, गेमस्कॉमची, म्हणजे जर्मनीत क्योल्नला भरणाऱ्या व्हिडिओ गेमच्या मेळ्याची, तिकिटं सगळ्यांना मेलने पाठवली आहेत. कोणाचं आलं नसेल तर आजच कळवा. दारावर विक्री नसते आणि शनिवारची तिकिटं सगळ्यात आधी संपतात.

अडलंय ते वयावर. "सगळी मुलं एकाच रांगेत" असं जे ठरलं होतं, ते होणार नाही. आपल्यात १३ ते १७ अशी सगळी वयं आहेत. यूएसके (जर्मनीत खेळ कोणत्या वयाला चालेल ते ठरवणारी संस्था) हिचं लेबल प्रत्येकाने ओळखायला हवं: ० पांढरं, ६ पिवळं, १२ हिरवं, १६ निळं, १८ लाल. १६ आणि १८चे खेळ आडोशाच्या आत ठेवतात, बाहेरून खेळाचा पडदाही (स्क्रीन) दिसत नाही. आत शिरायला त्या वयाची मनगटी पट्टी लागते आणि पट्टी ओळखपत्र दाखवल्यावरच मिळते. आत गेल्या गेल्या आधी पट्टी घ्या, मग रांग. अडीच तास उभं राहून तोंडाशी आल्यावर परत फिरवलं, तर ती वेळ गेलीच.

एक पालक (मराठी शाळा, चौथा गट)

आई-वडील सोबत असले तरी नाही? सिनेमाला तर चालतं.

युवा समिती

ताई, सिनेमाची ती सवलत फक्त १२च्या सिनेमांना आहे, तीही ६ वर्षांपुढच्या मुलांना. १६च्या सिनेमाला तिथेही नाही. घरी मुलांनी काय खेळायचं ते तुम्ही ठरवता, पण सार्वजनिक ठिकाणी १६ आणि १८च्या लेबलापुढे पालकांची परवानगी चालत नाही. आणखी एक: ज्या खेळाला यूएसकेचं लेबल अजून मिळालेलंच नाही, तो १८चा धरतात. त्यामुळे चित्रं गोड दिसली म्हणून लहानांना तिकडे नेऊ नका. आधी दाराशी लावलेला आकडा बघा.

खजिनदार

पासपोर्ट मुलांच्या हातात देऊ नका ही कळकळीची विनंती. रेसिडेन्स परमिटचं कार्ड आणा, त्यावर फोटो आणि जन्मतारीख दोन्ही असतात. मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून चालू नका.

ढोल-ताशा पथक

२७ला गणपती बसतोय आणि शनिवारी संध्याकाळी शेवटची पूर्ण तालीम आहे, हे कोणी लक्षात घेतलंय का? ताशाचे तिघेही या यादीत दिसतात. सभागृहाचं बुकिंग पथकाने केलंय, तारीख हलणार नाही. दिवसभर जायची गरजच काय? दोन-चार खेळ बघून दुपारी निघता येईल.

युवा समिती

दादा, दोन-चार खेळ म्हणजेच पूर्ण दिवस. हिशेब बघा. स्टॉलवर २० यंत्रं, डेमो २० मिनिटांचा, हेडफोन पुसून पुढच्याला बसवायला ५ मिनिटं. म्हणजे तासाला ४८ जण. पुढे १५० माणसं दिसली की तीन तास धरायचे. नुसती रांग बघून अंदाज चुकतो. लांब रांगेत ६० यंत्रं असली तर ती भराभर सरकते, आखूड रांगेत ४च असली तर तिथेच खिळून राहाल. काही ठिकाणी आधी दहा मिनिटं चित्रफीत दाखवतात, तेही धरा. आणि संध्याकाळी रांगेचं तोंड बंद करतात ते हॉल बंद व्हायच्या बरंच आधी.

म्हणून माणशी मोठ्या रांगा दोनच. निंटेंडो ही खेळांची कंपनी गेल्या वर्षी आली नव्हती, यंदा आहे, तिथे सकाळीच जा. बाकी वेळ हॉल १०.२मध्ये. तिथे छोट्या चमूंचे खेळ असतात, रांग आखूड, आणि बऱ्याचदा खेळ बनवणाराच शेजारी उभा असतो. त्याला प्रश्न विचारा. यातले काही डेमो ऑक्टोबरच्या स्टीम नेक्स्ट फेस्टमध्ये (स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातला डेमोंचा उत्सव) घरीही मिळतील, पण तो माणूस घरी नसेल.

ताशाच्या तिघांनी सकाळची एक मोठी रांग करून दोनला निघावं. तालीम बुडणार नाही.

मराठी शाळा

यंत्रासमोर बसल्यावरची वीस मिनिटं वाया कशी जातात ते मुलांना आधीच सांगून ठेवा. बसल्या बसल्या खेळ सुरू करू नका. कंट्रोलरच्या काड्यांवरून बोटं उचला. पात्र आपोआप एका बाजूला सरकत असेल तर काडी झिजलीय, लगेच कंट्रोलर बदलून मागा. मग कॅमेरा बघा: काडी वर ढकलल्यावर नजर खाली जात असेल तर आधीच्या खेळाडूने उलटी सेटिंग ठेवलीय. भाषा जर्मन असेल तर इंग्रजी करून द्यायला सांगा, मेनू बहुधा कर्मचाऱ्यांनाच उघडता येतो. आणि डेमो अर्ध्यातून सुरू झाला तर तो आधीच्या खेळाडूचा साठवलेला खेळ (सेव्ह) आहे, सुरुवातीपासून लावून घ्या. तिथला प्रशिक्षणाचा टप्पा चुकला तर पुढचं काहीच कळत नाही. पडदा दाखवणारे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

खजिनदार

भेटायची जागा आत्ताच ठरवा. गेल्या वर्षी पाच दिवसांत ३,३५,००० माणसं आली होती. एवढ्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. आणि क्योल्न मुख्य स्टेशनवर कोणी उतरू नका, प्रदर्शनाजवळच्या मेस्से/डॉइट्स स्टेशनला उतरा. तिथे काही आयसीई (वेगवान गाड्या) खालच्या ११-१२ फलाटांवर येतात, तेवढं परतीच्या वेळी बघून ठेवा.

एक पालक (मराठी शाळा, चौथा गट)

माझा मुलगा २४ तारखेला १६ पूर्ण करतोय. एकाच दिवसाचा फरक आहे, समजून घेतील ना?

युवा समिती

नाही ताई. कार्डावरची तारीख बघतात. २३ला त्याला १२चीच पट्टी मिळेल आणि तिकीट त्याच दिवसापुरतं चालतं. रविवारी २४ला तो १६चा होईल, तेव्हा त्याच्यासाठी विचारते: कोणाकडे रविवारचं तिकीट असून शनिवारी जायचंय का? नावावरचं असेल तर अदलाबदल होत नाही, तेवढं आधी तपासा.

ढोल-ताशा पथक

पथकातल्या दुसऱ्या एकाकडे रविवारचं आहे, पण त्याला बदल्यात शनिवारचं नकोच आहे. ताईंनी मला फोन करावा.