सीएसआरवाल्यांना नर्सचा पगार कसा पटवायचा?

पाखाडीवाला:
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात घरी जाऊन पेशंटची शुश्रूषा करणारा आमचा छोटा ट्रस्ट आहे, सहा वर्षं झाली. मी खजिनदार, सगळी नोकरी पतपेढीत गेली. दोन नर्स, एक स्कूटर आणि सध्या ३१ पेशंट. बहुतेक तोंडाच्या कॅन्सरचे, मुंबईहून 'आता घरीच ठेवा' म्हणून परत आलेले. काही पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले.

एका कंपनीकडे सीएसआरचं, म्हणजे कंपन्या नफ्यातून समाजकामाला देतात त्या पैशाचं, प्रपोजल घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "पगारबिगार नको, मशीन मागा. आणि बरे किती होतात तो आकडा टाका." अहो, आमचे पेशंट बरे होत नाहीत!

गेल्या वर्षी दुसऱ्या एका देणगीदाराने दोन फाउलर बेड (पाठीची बाजू वर उचलता येणारे) दिले, नावाच्या पाटीसकट. एक अजून शाळेच्या पडवीत आहे, कारण पेशंटच्या घराकडे जायला चिऱ्याची पाखाडी, ४२ पायऱ्या, मध्ये वळण. पाटीवर कोंबडी बसते.

उलट परवाची गोष्ट. एका आजीच्या गालाच्या जखमेला इतका वास, की तिला मागच्या पडवीत ठेवलेलं. नर्सने डॉक्टरांना फोनवर विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून जखमेवर टाकल्या. चार दिवसांत वास उतरला. आता आजी माजघरात, नात शेजारी बसून गृहपाठ करते. औषधाला शंभर रुपयेही नाही लागले, पण नर्सच्या खेपा तीन. हे कुठल्या रकान्यात लिहू?

हिशेबनीस:
काका, प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. घरोघर फिरणाऱ्या नर्सचा पगार आणि पेट्रोल हा प्रकल्पाचा थेट खर्च, तो त्यात धरत नाहीत. तुम्ही तो 'आस्थापना'खाली, म्हणजे कार्यालयीन खर्चात, टाकलाय का? मग आधी तिथून उचला. १२ए, ८०जी ही आयकराची नोंदणी आहे ना? आणि सीएसआर-१ नंबर, म्हणजे सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी? १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय चालत नाही. 'ऑनगोइंग प्रोजेक्ट', म्हणजे एका वर्षात न संपणारा प्रकल्प, म्हणून मागा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत नेता येतो. वर्षभरासाठी नर्स नेमून काय करणार?

डॉ. दापोलीकर:
'बरे किती'च्या जागी दुखणं लिहा. ० ते १० मध्ये किती, पहिल्या भेटीला आणि आठवड्याने. आकडा दिसला की साहेब लोक शांत होतात. मॉर्फीन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, ठेवायचं असेल तर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मंजुरी घ्यावी लागते. अमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने ते पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

मालवणचो झील:
गणपतीक चाकरमानी येतत, तेव्हा मुंबई मंडळाच्या सभेत विषय काढा. सभामंडपाक पैसे देतत, पेट्रोलाक नाय देवचे?

पाखाडीवाला:
हिशेबनीस, पकडलंत! आस्थापनाच लिहिलं होतं, पतपेढीची सवय. आज खोडलं. सीएसआर-१ मात्र नाही, सोमवारी सीएकडे जातो. झिला, सभेला तूच ये बोलायला, माझं कोण ऐकत नाही.

तो बेड कुणाला हवा असेल तर कळवा. घर रस्त्याला लागून असावं. कोंबडी आमची नाही.