कामाच्या वयाची लोकसंख्या आणि दरडोई उत्पन्न: हातभार आकड्यात कसा काढायचा?

गिरगाव_अर्थशास्त्र:
एमएच्या प्रकल्पासाठी मदत हवी आहे. भारतात १५ ते ६४ वयाच्या लोकांचा वाटा १९९० मध्ये साधारण ५८ टक्के होता, २०२० पर्यंत तो ६७ च्या आसपास गेला. दरडोई उत्पन्नाच्या वाढीत याचा हातभार किती, हे कसं दाखवायचं? हीच पद्धत मुंबई आणि रत्नागिरीची तुलना करायला चालेल का?

आकडेमोड:
दरडोई उत्पन्न म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: दर कामगारामागचं उत्पादन, कामाच्या वयातल्यांपैकी प्रत्यक्ष कामावर असलेल्यांचं प्रमाण, आणि लोकसंख्येत कामाच्या वयाचा वाटा. लॉग (लॉगॅरिथम) घेतला की बेरीज होते आणि तिघांचा हिशेब वेगळा मांडता येतो. ६७ भागिले ५८ म्हणजे १.१५५, नैसर्गिक लॉग ०.१४४, त्याला ३० वर्षांनी भागा. वर्षाला जेमतेम अर्धा टक्का.

दक्षिण कोरियाचं गणित शेजारी ठेवा. १९६५ मध्ये तिथला वाटा ५३ च्या आसपास होता, १९९० मध्ये ६९ झाला. म्हणजे वर्षाला एक टक्क्याहून थोडं जास्त, भारताच्या दुप्पट. सगळा फरक वेगाचा आहे. तिथे १९६० मध्ये बाईमागे सुमारे सहा मुलं होती, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती दोनच्या खाली आली. त्यामुळे आधीची मोठी पिढी कामाला लागली तेव्हा मागे लहान मुलांचा भार कमी होता. भारताला दोनपर्यंत यायला २०१९-२१ चं एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) उजाडलं, आणि त्यातही केरळ १.८ वर तर बिहार ३.० वर. देशाची सरासरी घेऊन थांबू नका, राज्यवार काढा.

मात्र हा अर्धा टक्का म्हणजे ‘एकूण परिणाम’ असं लिहू नका. मुलं कमी झाल्यावर वाढणारी बचत आणि शिक्षणावरचा दरडोई खर्च पहिल्या घटकात, म्हणजे दर कामगारामागच्या उत्पादनात, जाऊन बसतात. शिवाय उत्पन्न वाढलं की जन्मदरही उतरतो, म्हणजे कारण दोन्हीकडून चालतं.

देवनार_लोकल:
खरी मेख मधल्या घटकात, म्हणजे कामावर असलेल्यांच्या प्रमाणात आहे. पीएलएफएसमध्ये (सरकारचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण) १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण) २०१७-१८ ला २३.३ टक्के होता, २०२३-२४ ला ४१.७. यात घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाऱ्याही मोजल्या जातात. त्यामुळे रोजगाराचं प्रमाण वर जातं आणि दर कामगारामागचं उत्पादन तेवढंच खाली येतं. बेरीज जुळते, पण निष्कर्ष चुकतो. पगारी, स्वयंरोजगार आणि बिनपगारी मदतनीस असे तीन रकाने करा, मगच बोला.

जिल्ह्यांची तुलना या पद्धतीने करू नका. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसते. कमावता माणूस मुंबईत मोजला जातो, त्याचे आईवडील गावी. मुंबईचं अवलंबित्व गुणोत्तर (कामाच्या वयातल्यांमागे मुलं आणि म्हातारे किती) हलकं दिसतं ते स्थलांतरामुळे, जन्मदर एकट्यामुळे नाही. रत्नागिरीचं जड दिसतं, आणि चाकरमान्यांनी पाठवलेला पैसा जिल्ह्याच्या उत्पन्नात धरलेलाच नसतो.

गिरगाव_अर्थशास्त्र:
मग राज्यवारच करतो. पण जनगणनेच्या बऱ्याच तक्त्यांत १५ ते ५९ आहे. तेच वापरू का?

आकडेमोड:
एका तुलनेत दोन व्याख्या नकोत. संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी १५ ते ६४ ची, म्हणून जनगणनेच्या पाच-पाच वर्षांच्या गटांतून ६० ते ६४ चा गट घेऊन जोडा. याचा दुसरा फायदा असा की आपल्याकडे वय सांगताना लोक शून्यावर आणि पाचावर येऊन थांबतात. ५८-५९ वर्षांचा माणूस ‘साठ’ सांगतो आणि १५ ते ५९ च्या व्याख्येत थेट म्हाताऱ्यांत जातो. ६५ च्या रेषेवरही हे होतं, म्हणून आधी एकेक वर्षाच्या तक्त्यावर व्हिपल निर्देशांक (वयं शून्य-पाचावर किती साचली ते दाखवणारा आकडा) काढा: २५, ३०, ३५ अशा ६० पर्यंतच्या वयांची बेरीज गुणिले ५, भागिले २३ ते ६२ ची एकूण संख्या, गुणिले १००. उत्तर १०० च्या जवळ आलं तर वयं बरी नोंदली आहेत. एखाद्या राज्यात ते बरंच वर गेलं, तर तिथला वाटा एका दशांशापर्यंत देण्यात अर्थ नाही.