लहान होडीसाठी सागाच्या फळ्या कितपत सुकवायच्या?

प्रश्न
12 फुटी वल्ह्याची होडी बांधायचं चाललंय. साग मिळतोय पण नुकताच कापलेला, इंचभर जाडीच्या फळ्या, हाताला ओलसर लागतात. कोणी म्हणतं भट्टीत सुकवून घे, कोणी म्हणतं वर्षभर तशाच ठेव. निवडताना काय बघायचं तेही सांगा प्लीज.

प्रतिसाद 1
फळ्यांमधल्या फटीत कापूस भरणार की फळ्या इपॉक्सी गोंदाने चिकटवणार? सगळं त्यावर आहे. कापूसवाल्या पद्धतीत फळ्या पाण्यात फुगतात आणि त्यानेच सांधे घट्ट होतात, त्यामुळे ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास बरा. भट्टीतून 8 टक्क्यांवर आणलेल्या फळ्या एकमेकींना भिडवून ठोकल्या तर पाण्यात फुगायला जागाच उरत नाही, मग खिळे ओढले जातात, बरगड्या (होडीच्या आतून फळ्यांना आधार देणाऱ्या वाकवलेल्या लाकडी पट्ट्या) सुद्धा तुटू शकतात. इपॉक्सी असेल तर मात्र 12 च्या खाली आणा आणि साग तेलकट असतो म्हणून चिकटवायच्या जरा आधी ॲसिटोनने पुसून घ्या.

प्रतिसाद 2
निवडताना फळीचं टोक बघा, वरचा गुळगुळीत भाग सगळेच बघतात. टोकावर वलयांच्या रेषा उभ्या दिसल्या तर डोळे झाकून घ्या, आडव्या कमानी दिसल्या तर ती फळी रुंदीत जवळपास दुप्पट आकसणार आणि पन्हळीसारखी वाकणार. कडेचा पांढरट भाग काढूनच टाका, सागाचा असला तरी तो कुजतो. बारीक घट्ट गाठ चालते, काळी सुटी गाठ अजिबात नको.

प्रश्नकर्ता
कापूसच भरणार आहे. मग घरीच सुकवू ना?

प्रतिसाद 3
हो, घरीच सुकवा. इंचाला साधारण वर्ष धरतात, हवेप्रमाणे कमीजास्त. आधी दोन्ही टोकांना जाड रंग किंवा मेण फासा, आणि हे आजच करा, कारण पाणी टोकांतून सगळ्यात भराभर निघतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मग सावलीत, जमिनीपासून फूटभर वर थप्पी लावा, प्रत्येक थरात दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या. या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळंब्यात आल्या पाहिजेत, एखादी जरी सरकली तरी तिथे फळीला बाक येतो आणि तो नंतर रंध्याने काढता काढता जाडी संपते. वर वजन ठेवा, छप्पर करा, बाजू मोकळ्या. ओलावा मोजायचा मीटर नसेल तर टोकापासून फूटभर आतला तुकडा कापून वजन करा, ओव्हनमध्ये 103 अंशावर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून 100 ने गुणा, झाली टक्केवारी.

प्रतिसाद 1
बरगड्यांचं लाकूड या थप्पीत घालू नका हां. वाफेवर वाकवायचं ते ओलंच बरं, भट्टीतलं तर तडकतंच. इंचाला तासभर वाफ द्या आणि बाहेर काढल्या काढल्या वाकवा, अर्ध्या मिनिटात ताठ व्हायला लागतं.